आधी हायडेलबर्ग घे
अरे, ख्रिस्ती विश्वासाची शिकवण नीट शिकायचीय ना तुला, मग पहिल्याच दमात वेस्टमिन्स्टर (प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा विश्वासाचा जाहीरनामा) घेऊन बसू नकोस, जड जातं. मिरजेत प्रेस्बिटेरियन मिशन आलं त्यांचा वारसा तोच, मान्य, पण सुरुवात १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीनं कर, विश्वासाची शिकवण सवाल-जवाबात मांडलेली आहे, १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले, वर्षभर आरामात पुरतात. पहिलाच बघ ना, जगताना-मरताना तुझा एकमेव दिलासा काय? तर मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे. मयताच्या घरी प्रार्थनेला गेलास की कळेल हे का लागतं.

आणि युट्यूबवरचा कुणी पैशाचे आशीर्वाद वाटायला लागला (सांगलीतपण बघणारे कमी नाहीत) की २७ वा प्रश्न काढ, आजारपण, गरिबीसुद्धा देवबापाच्या हातून येते असं सरळ लिहिलंय. फक्त ही प्रश्नोत्तरी चर्चमध्ये कुणाला गप्प करायला वापरू नको, शेवटी असले दस्तऐवज माणसांनीच लिहिलेत, आणि चर्चच्या सभा चुकू शकतात हे वेस्टमिन्स्टरमध्येच आहे.