हात धुवायला लावणारी पावलं

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विकसनशील देशांत लोकांच्या सवयी बदलतील असं स्वस्त तंत्रज्ञान बनवायचंय. औषधासाठी दिवसातून तीनदा वाजणारं अ‍ॅपही केलंय. पुढे एआयमध्ये एमटेक करू का? बाबा म्हणतात, सवयी बदलणाऱ्या तंत्रज्ञानात नोकऱ्या नाहीत.

उत्तर : अ‍ॅप केलंस, छान. पण ते तूर्तास बाजूला ठेव आणि बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांकडे बघ. तिथे संडासापासून हात धुवायच्या जागेपर्यंत फरशीची वाट केली, तिच्यावर रंगाने पावलं काढली आणि नळापाशी हाताचे ठसे. वेगळं प्रबोधन काहीच नाही. आधी साबणाने हात धुण्याचं प्रमाण होतं 4 टक्के; सहा आठवड्यांनी 74. (शाळा दोनच होत्या, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नकोस.) यात तंत्रज्ञान म्हणशील तर रंगाचा डबा!

आता केनिया. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांना आठवड्यातून एकदा एसएमएस गेला, तेव्हा 53 टक्के लोकांनी औषध नीट, नियमित घेतलं. एसएमएस न मिळालेल्यांत 40 टक्क्यांनी. रोज एसएमएस पाठवला, तर मात्र काहीच फरक पडला नाही. तुझं अ‍ॅप तीनदा वाजतं ना?

आपल्याकडे क्षयरोगासाठी ‘99डॉट्स’ आलं. पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट फोन लावायचा. साधा फोनही चालतो. कल्पना झकास, पण फोन लागला म्हणजे गोळी पोटात गेलीच असं थोडंच आहे? अशी शंका ज्याला सुचते आणि ती तपासता येते, त्याला या क्षेत्रात काम मिळतं. म्हणून एआयच्या आधी संख्याशास्त्र पक्कं कर.

आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, इंटरॅक्शन डिझाइनचं (माणूस एखादी वस्तू किंवा अ‍ॅप कसं वापरेल याची आखणी) एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी आहे, त्यासाठी ‘सीड’ परीक्षा द्यावी लागते. नाहीतर पदवीनंतर एक-दोन वर्षं जे-पालसारख्या, गरिबांसाठीच्या योजनांचा खरंच उपयोग होतो का हे तपासणाऱ्या संस्थेत फील्डवर घालव. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरावं लागेल, पगारही सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमी असेल. बाबांना हे आधीच सांग. ‘सवयी बदलणारं तंत्रज्ञान’ या नावाची नोकरीची जाहिरात सापडणार नाही, तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ‘यूजर रिसर्च’ (लोक वस्तू कशी वापरतात याचा अभ्यास) किंवा ‘इम्पॅक्ट इव्हॅल्युएशन’ (उपायाचा खरा परिणाम मोजणं) शोधलंस तर सापडेल.

तोवर अ‍ॅपचा गजर आठवड्यातून एकदावर आण, आणि ज्यांनी ते काढून टाकलं त्यांना आधी भेट.