‘मेडिकेअर संपलं, शुक्रवारपर्यंत घरी न्या’ म्हणाले तर

अमेरिकेत न्यू जर्सीच्या नर्सिंग होमने, म्हणजे आजारी वृद्धांना ठेवून देखभाल करणाऱ्या संस्थेने, सासूबाईंबद्दल तुम्हाला तोंडी एवढंच सांगितलंय ना? मग बॅगा भरायची घाई करू नका.

मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) बंद होणं वेगळं आणि खाट सोडायला लावणं वेगळं. मेडिकेअर जास्तीत जास्त १०० दिवस देतं, तेवढेही सगळ्यांना मिळत नाहीत. पुढे पैसे कोण भरणार हा प्रश्न उरतो. पण सरकारमान्य होमला माणूस बाहेर काढायला कायद्यात मोजून सहा कारणं आहेत, आणि ‘मेडिकेअर संपलं’ हे त्यात नाही. पैसे थकणं आहे. मात्र मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेचा) अर्ज कागदपत्रांसकट भरलेला असेल आणि निकाल यायचा असेल, तर तेही चालत नाही. म्हणून अर्ज आजच टाका. शिवाय काढायचंच तर सहसा ३० दिवस आधी लेखी नोटीस लागते. तीत कारण, तारीख, कुठे पाठवणार, अपील कुठे करायचं आणि ओम्बड्समनचा, म्हणजे होममधल्या माणसांच्या तक्रारी हाताळणाऱ्याचा, नंबर हवा. मेडिकेअर बंद होतंय ही नोटीस निराळी असते, तिच्या अपिलाची मुदत अगदीच थोडी. कागद हातात आला की आधी तारीख बघा.

आता ओम्बड्समन. १९७८ पासून प्रत्येक राज्यात ही सोय असणं बंधनकारक आहे, एक पैसा लागत नाही. नंबर होमच्या भिंतीवर लावलेला असतो. नाहीच दिसला तर एल्डरकेअर लोकेटर या वृद्धांसाठीच्या सरकारी माहितीसेवेला १-८००-६७७-१११६ वर विचारा. दंड करणं त्यांच्या हातात नाही, ते काम राज्याच्या तपासनिसांचं. पण होमशी कायद्याच्या भाषेत बोलतात, अपिलात मदत करतात.

एक लक्षात घ्या, ओम्बड्समन सासूबाईंची बाजू मांडतात, तुमची नव्हे. सासूबाईंची संमती नसेल तर पुढे जात नाहीत. त्यांना एकट्याने भेटतील, तेव्हा दुभाषी म्हणून तुम्ही बसू नका. फोनवर मराठी दुभाषी मागा. आपल्या बायका सुनेसमोर ‘सगळं छान आहे हो, उगीच कुणाला त्रास नको’ म्हणतात. मी स्वयंसेवक म्हणून जाते तिथल्या एक आजी मुलगा गाडी लावायला गेल्यावर म्हणाल्या, ‘रोज नुसती टोस्ट नि उकडलेलं गाजर.’ शाकाहाराची सोय मागायचा हक्क आहे, हे मुलालाच ठाऊक नव्हतं.

आणि ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही मागितली तर नीट वाचा. स्वतःच्या खिशातून भरायची हमी होम तुमच्याकडून सक्तीने घेऊ शकत नाही.