इंदूरला आपला सिंक्रोट्रॉन असताना प्रथिनांच्या रचनेवर काम करणारे संशोधक फ्रान्स-इटलीला का जातात?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ जोडली आहे: "इंदूरचं यंत्र निकामी आहे, की ही सरकारी खर्चाने होणारी सहल आहे?" त्या ओळीमुळे लिहायला बसले. एरवी मी इथे फक्त वाचते.

यंत्र निकामी नाही. (सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र; प्रथिनाच्या स्फटिकावर, म्हणजे क्रिस्टलवर, ते टाकून रचना काढतात.) आणि सहल म्हणत असाल, तर फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, तिथल्या बीमलाइनवर (किरण बाहेर काढून वापरायची जागा) एक रात्र काढून बघा. बीम टाइम, म्हणजे किरण वापरायचा वेळ, आठ-आठ तासांच्या शिफ्टमध्ये मिळतो आणि त्यातला एक मिनिटही वाया घालवायची कुणाची छाती नसते. बिनखिडकीची खोली, चार-पाच स्क्रीन, भिंतीपलीकडे शिशाच्या बंद खोलीत (हचमध्ये) तुमचा क्रिस्टल, आणि जेवण म्हणजे कॉफीचं मशीन. आल्प्स दिसतात ते येता-जाता बसमधून. उलट खरी चंगळ इंदूरला असते. माझी आत्या तिथे राहते, ती डबा पाठवायची.

हेही आता जुनं झालं. अलीकडे क्रिस्टल द्रव नायट्रोजनवर गोठवून ड्राय शिपरमधून (थंड ठेवणाऱ्या पेटीतून) कुरिअरने जातात. तिकडचा रोबो ते चढवतो आणि मुलं पुण्यात हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर रात्रभर डेटा घेतात. म्हणजे सहलीचा आरोप करायलाही आता विशेष काही उरलेलं नाही.

फरक काय तो थोडक्यात सांगते. इंदूरच्या इंडस-2 मध्ये इलेक्ट्रॉन 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने 172.5 मीटर परिघाच्या कड्यात फिरतात. ग्रेनोबलचं कडं 844 मीटरचं आहे आणि ऊर्जा 6. इंदूरची प्रथिनांची लाइन, पीएक्स-बीएल21, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आहे आणि ती बेंडिंग मॅग्नेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना वळवणाऱ्या साध्या चुंबकावर, आहे. ग्रेनोबलच्या प्रखर लाइनी अंड्युलेटरवर असतात. तिथे चुंबकांच्या लांब रांगेतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात, त्यामुळे किरण अतिशय बारीक आणि प्रखर मिळतो, सेकंदाला लाख कोटी फोटॉन किंवा त्याहून जास्त. काही मायक्रॉनच्या क्रिस्टलमधूनही त्यावर डेटा निघतो. हवी ती तरंगलांबी निवडायची सोय मात्र दोन्हीकडे आहे, आणि लॅबमधलं तांब्यातून क्ष-किरण काढणारं मशीन सोडून सिंक्रोट्रॉनवर जायचं निम्मं कारण तेच असतं. तांबं 1.54 अँगस्ट्रॉमच (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) देणार. प्रथिनात सेलेनियम घालून फेज (रचना काढायला लागणारी, पण थेट मोजता न येणारी माहिती) काढायचे तर 0.98 च्या आसपास जावं लागतं. वेन हेंड्रिक्सन यांनी रुळवलेली ही पद्धत आज क्रिस्टलवाल्यांची रोजची भाजी-भाकरी आहे.

जाण्याची व्यवस्थाही उघड, करार करून केलेली आहे. ग्रेनोबलची बीएम14 ही लाइन काही वर्षं आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या भागीदारीत चालत होती. 2017 मध्ये भारत ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉन संस्थेचा सहयोगी झाला. इटलीत त्रिएस्तला एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर भारताच्या भागीदारीतल्या लाइनी आहेत. गंमत म्हणजे बीएम14 सुद्धा बेंडिंग मॅग्नेटवरचीच होती, आणि तिच्यावर आपल्या लोकांनी ढीगभर रचना सोडवल्या.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर झालं. पण त्या प्रश्नात एक गृहीतक आहे: जास्त प्रखर किरण म्हणजे जास्त चांगलं काम. नेमकं हेच गृहीतक आमच्या सरांचं होतं, आणि त्यावरून माझी पीएचडीची दोन वर्षं नासली.

आमचं प्रथिन एका जिवाणूचं एन्झाइम होतं. त्याच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे जिथे ते काम करतं तिथे, दोन सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) समोरासमोर. त्यांच्या गंधकांमधला डायसल्फाइड बंध जोडलेला असतो की सुटलेला, एवढाच खरा प्रश्न. सरांची कल्पना अशी की एन्झाइम बंध सुटलेल्या अवस्थेत काम करतं, आणि ती अवस्था आपण पहिल्यांदा दाखवायची. कल्पना चांगली होती, ते मी आजही म्हणते. आम्ही अंड्युलेटरच्या लाइनवर मोठ्ठा, देखणा क्रिस्टल चढवला, ट्रान्समिशन (किरण किती सोडायचा ते) शंभर टक्के ठेवलं आणि 1.5 अँगस्ट्रॉमचा डेटा (आकडा लहान तितका तपशील बारीक) घेऊन परतलो. इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघडला तर एक गंधक निम्मा बाजूला सरकलेला. सरांनी लगेच शीर्षकसुद्धा ठरवलं.

मला तो नकाशा पटेना. डिफरन्स मॅपमध्ये (मॉडेल आणि डेटा यांतला फरक; लाल म्हणजे मॉडेलमध्ये आहे पण डेटात नाही, हिरवा म्हणजे त्याच्या उलट) बरोबर बंधावर लाल डाग होता आणि शेजारी हिरवा. जवळच्या दोन ग्लुटामेटांच्या (कार्बोक्झिल गट असलेल्या अमिनो आम्लांच्या) टोकांवरही लाल. ग्लुटामेटचा आणि सरांच्या कल्पनेचा काहीएक संबंध नव्हता. पण कार्बोक्झिल गट गळणं आणि डायसल्फाइड तुटणं ही क्ष-किरणांनी होणाऱ्या इजेची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. ग्रेनोबलमध्येच मार्टिन वाइक आणि सहकाऱ्यांनी 2000 साली हे दाखवून दिलं होतं. डेटा घेता घेता एन्झाइममधले डायसल्फाइड बंध कसे तुटत जातात, ते त्यांनी एकाच क्रिस्टलवर पुन्हा पुन्हा डेटा घेऊन मांडलं. नायट्रोजनच्या झोतात शंभर केल्विनवर ठेवलं की क्रिस्टल सुरक्षित, असं शिकवतात. सुरक्षित म्हणजे एवढंच की तो मरायला वेळ लागतो. एल्स्पेथ गार्मन यांच्या गटाने 2006 मध्ये सुचवलेली डोसची मर्यादा 30 मेगाग्रे आहे, पण डायसल्फाइड त्याच्या कितीतरी आधी जातात. (माणसाला सबंध अंगावर चार-पाच ग्रे म्हणजे जिवावरचं. मेगाग्रे म्हणजे दहा लाख ग्रे.)

मग मी एक साधी गोष्ट केली. क्रिस्टल ऑर्थोऱ्होम्बिक (सममितीचा एक प्रकार) होता, नव्वद अंशांत डेटा पूर्ण होतो, आणि आम्ही तीनशे साठ अंश फिरवला होता. पहिले नव्वद वेगळे काढले, शेवटचे नव्वद वेगळे, आणि दोन नकाशे शेजारी ठेवले. पहिल्यात बंध बऱ्यापैकी जोडलेला, शेवटच्यात जवळजवळ गेलेला. सरांच्या टेबलावर दोन्ही प्रिंट ठेवले. ते म्हणाले, "चौथाई डेटावर नकाशा काढलास तर गोंगाटच दिसणार."

पुढच्या खेपेला ग्रेनोबलला आम्ही दोघंही होतो. पहाटेच्या सुमाराला मी ट्रान्समिशन पाच टक्क्यांवर आणलं. सर मागे उभे. "एवढा प्रस्ताव लिहून, एवढ्या लांब येऊन पाच टक्के? मग लॅबमध्येच घ्यायचा होतास की!" मी म्हटलं, "सर, खरंच लॅबमध्ये घेता आला असता." हे बोलायला नको होतं असं तेव्हा सगळे म्हणाले, मला तसं आजही वाटत नाही. ट्रान्समिशन पुन्हा शंभरवर गेलं. डेटा 1.4 चा आला. दोन्ही गंधक पार वेगवेगळ्या दिशांना. सर खूश.

परत आल्यावर त्याच खेपेतले उरलेले क्रिस्टल घेऊन मी इंदूरला गेले. इंडस-2 जिथे आहे त्या राजा रामण्णा केंद्रात अर्ज आधीच करून ठेवला होता. ग्रेनोबलला मिनिटांत उरकणारा डेटा तिथे कित्येक तास चालला. एकेक फ्रेम निवांत येत होती. 1.9 अँगस्ट्रॉम. बंध शाबूत, दोन गंधकांत 2.05 अँगस्ट्रॉम, मधली घनता सलग, लाल डाग नाही, ग्लुटामेट जागच्या जागी. सरांचं उत्तर एका वाक्याचं होतं: "1.4 हातात असताना 1.9 कोण छापतं?"

शोधनिबंध सुटलेल्या बंधासकट गेला. काही महिन्यांनी परीक्षकाचा पहिलाच मुद्दा आला: ही किरणांची इजा नाही हे कशावरून? सरांनी ती मेल मला पुढे पाठवली आणि वर एक ओळ लिहिली, "ते इंदूरचे फ्रेम्स कुठे आहेत?"

शीर्षक बदललं, निष्कर्ष उलटा झाला आणि निबंध छापून आला. मुख्य आकृतीत ग्रेनोबलचा नकाशा राहिला, "किरणांचा परिणाम" म्हणून. माझा इंदूरचा नकाशा पुरवणीत.

हे फक्त आमच्या फुटकळ एन्झाइमचं दुखणं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. वनस्पती पाण्यातून ऑक्सिजन काढतात त्या फोटोसिस्टिम-2 ची जपानी गटाने 2011 मध्ये स्प्रिंग-8 सिंक्रोट्रॉनवर काढलेली 1.9 अँगस्ट्रॉमची रचना ही या क्षेत्रातली मोठी कामगिरी. पण तिच्यातल्या मँगनीजच्या गटाला किरणांनी इलेक्ट्रॉन पुरवून जरा बदलवलं असावं, ही शंका सुरुवातीपासून होती. 2015 मध्ये त्याच लोकांनी एक्स-रे लेझरच्या फेम्टोसेकंदाच्या झोतांनी, इजा व्हायच्या आत, ती पुन्हा टिपली. मँगनीजमधली काही अंतरं 0.1 ते 0.2 अँगस्ट्रॉमने कमी भरली. ऐकायला चिल्लर वाटतं, पण रसायनशास्त्रात तेवढ्यावर यंत्रणा बदलते. मोठी माणसं स्वतःचंच काम अशी पुन्हा तपासतात. आमच्याकडे त्याला "चौथाई डेटाचा गोंगाट" म्हणतात.

म्हणून माझं मत, कुणाला टोचलं तरी चालेल: आपल्याकडे रिझोल्युशनच्या आकड्याचं वेड लागलेलं आहे. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न "किती अँगस्ट्रॉम?" असतो. डोस किती दिला, हे विचारताना मी फारच थोड्यांना ऐकलंय. ज्या प्रथिनात धातू आहे, डायसल्फाइड आहे किंवा फ्लाव्हिनसारखा रंगद्रव्याचा गट आहे, त्याच्या निबंधात डोसचा आकडा नसेल तर मी तो निबंध बाजूला ठेवते. आणि ज्यांच्याकडे अर्धा मिलिमीटरचे सुबक क्रिस्टल आहेत त्यांनी अंड्युलेटरवर शंभर टक्के ट्रान्समिशन लावून बसण्यात काही पुरुषार्थ नाही. पिठलं करायला भट्टी लागत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर ग्रेनोबलवर माझा राग आहे असं वाटेल. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमसारख्या अवाढव्य रेणूला इंदूर पुरणार नाही. वेंकी रामकृष्णन आणि मंडळींना ज्या कामासाठी 2009 चं नोबेल मिळालं, ते प्रखर सिंक्रोट्रॉनांशिवाय झालंच नसतं. पेशीच्या पटलातली प्रथिनं काही मायक्रॉनच्या सुया देतात, तिथे बारीक किरणाला पर्याय नाही. वेगाचा मुद्दाही खरा आहे. कोविड विषाणूच्या मुख्य प्रोटीएझची (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमची) रचना शांघायच्या सिंक्रोट्रॉनवरच्या डेटातून निघाली आणि फेब्रुवारी 2020 च्या सुरुवातीलाच सगळ्यांना खुली झाली. पाठोपाठ इंग्लंडच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर त्याच प्रोटीएझला कोणते छोटे रेणू चिकटतात ते हजारावर रेणू वापरून पाहिलं, तेही बघता बघता. एकेका डेटाला तास लागणाऱ्या लाइनवर असलं काम उभंच राहणार नाही. आणि रिंग बंद पडण्याचे प्रकार इंदूरला माझ्या वाट्याला जास्त आले. त्यामुळे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवू नका.

खाली कुणीतरी "आता अल्फाफोल्ड आहे, क्रिस्टल कशाला?" असं लिहीलच. अल्फाफोल्ड (प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारं एआय) ज्या रचनांवर शिकलं त्यातल्या बहुसंख्य या क्रिस्टलांतूनच आलेल्या आहेत. त्याचं मॉडेल फेज काढायला फार कामाला येतं, मी रोज वापरते. पण माझ्या एन्झाइमचा बंध त्या क्रिस्टलमध्ये जोडलेला होता की सुटलेला, हे ते सांगत नाही.

तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर एवढं करा. मोठे, एकसारखे क्रिस्टल इंदूरला न्या, बारीक आणि चिवट ते ग्रेनोबलला पाठवा. कुठेही घेतलात तरी फ्रेम्सचे दोन भाग करून नकाशे शेजारी ठेवून पाहा. आणि गाइडने गोंगाट म्हटलं तरी ते प्रिंट फेकू नका, फाइल करून ठेवा. परीक्षकाची मेल येते तेव्हा उपयोगी पडतात.