गाडीचा एसी : कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी

प्रश्न : माझी हॅचबॅक सहा वर्षे जुनी आहे. तिच्या एसीत दर एप्रिलला गॅस भरावा लागतो. या वर्षी मेकॅनिक म्हणतो की, कॉम्प्रेसरच बदला. बदलावा का? – एक वाचक, दहिसर

उत्तर : एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, ओलावा शोषणारा ड्रायर, गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि हवा गार करणारी कूलिंग कॉइल या बंद साखळीत तोच गॅस फिरत राहतो. रबरी होजमधून तो वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरे. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर गळती आहेच. ती न शोधता गॅस भरत राहणे कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतते, कारण त्याला वंगण देणारे तेल गॅसच्या प्रवाहाबरोबरच फिरत असते आणि गॅस कमी पडला की तेलही पुरेसे परत येत नाही, मग आतले भाग कोरडे घासू लागतात.

तेव्हा मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारा : गळती नेमकी कोठे सापडली? ज्या जोडातून गॅस जातो तेथे तेलही झिरपते आणि त्यावर धूळ बसून काळपट, चिकट डाग तयार होतो; तो डोळ्यांनी दिसतो. न दिसल्यास नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावावा किंवा यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, घालून काही दिवसांनी तपासावे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये बहुतेकदा कंडेन्सर गळका निघतो. तो बंपरच्या जाळीमागे अगदी पुढे असतो, त्याला रस्त्यावरची खडी लागते आणि समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये खारी हवा त्याचे ॲल्युमिनियम खाते. कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणाऱ्या क्लचभोवती तेल उडालेले दिसले, तर मात्र दांड्याभोवतीची गळती रोखणारे शाफ्ट सील गेलेले असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा आपल्या मेकॅनिकचा सल्ला योग्य ठरेल. गळती बुजवणारे रसायन कोणी सुचवले, तर कृपया नकार द्या. ते व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस भरण्याच्या यंत्रातही थिजून बसू शकते.

प्रश्न : बॉनेटखालून घरघर येते. कॉम्प्रेसर गेला असे समजावे का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : इंजिन चालू ठेवून एसी बंद करा. घरघर तरीही चालू राहिली, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर घ्यावा, कारण एसी बंद असला तरी पुली फिरतच असते. फक्त एसी लावल्यावरच आवाज येत असेल, तर दोष कॉम्प्रेसरच्या आत असू शकतो. अनेक मॉडेलांना बेअरिंग, मॅग्नेट कॉइल आणि क्लच प्लेट सुटी मिळतात, आणि ती बदलताना बहुधा गॅस काढावा लागत नाही. हाच क्लच झिजून प्लेटमधली फट वाढली, की गाडी सकाळी उत्तम गार होते आणि तासाभराने इंजिन तापल्यावर क्लच सुटतो. ही फट साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, ती दोन मिनिटांत मोजता येते. अलीकडच्या काही कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, त्यांना मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

प्रश्न : वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी गार राहते, सिग्नलला थांबली की गरम हवा येते. – एक वाचक, अंधेरी

उत्तर : यात कॉम्प्रेसर बहुधा निर्दोष आहे. धावत्या गाडीत कंडेन्सरला वारा मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर असते. एसी लावल्यावर पंखा वेगाने फिरतो का ते पाहा आणि कंडेन्सर साध्या पाण्याने, हलक्या हाताने धुऊन घ्या. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पात्या वाकतात. गॅस जास्त भरला गेला असेल, तरी हेच लक्षण दिसते. ‘थोडा जास्तच भरा’ असा आग्रह धरू नये. गॅस किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या लेबलवर छापलेले असते.

प्रश्न : कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून रिकंडिशन केलेला बसवला. तो तीन महिन्यांत पुन्हा जाम झाला. दोष मालाचा की कामाचा? – एक वाचक, कुर्ला

उत्तर : माल पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय कामावर आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका टॅक्सीचा जाम झालेला कॉम्प्रेसर मी घाईने बदलून दिला होता आणि चालक दोन महिन्यांत परत आला. त्या वेळी पाइप खोलून तोंडाशी पांढरे फडके धरले, तर त्यावर करड्या रंगाचे, चंदेरी चमक असलेले तेल उतरले. ती चमक म्हणजे जुन्या कॉम्प्रेसरच्या धातूचा कीस होता. तो पाइपांत तसाच राहिला होता आणि त्यानेच नवा कॉम्प्रेसर खाल्ला. त्या माणसाचे रोजच्या कमाईचे दिवस माझ्या घाईपायी बुडाले, हे मी विसरलेलो नाही.

जाम झालेला कॉम्प्रेसर काढल्यावर पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश करून, म्हणजे द्रावणाने आतून धुऊन, नायट्रोजनने कोरडी करावी लागतात. ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घालावेत. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की, त्यांतला कीस पूर्ण निघत नाही, म्हणून कीस सापडल्यास कंडेन्सरही बदलावा, खर्च वाढला तरी. तेलाचा हिशेब तर फारच थोडे लोक ठेवतात. काही नवे कॉम्प्रेसर संपूर्ण साखळीचे तेल भरूनच येतात, काही कोरडे येतात. ते पाहून तेल मोजून कमी-जास्त करावे लागते आणि तेलाचा ग्रेडही कंपनीने सांगितलेलाच असावा लागतो. आर-१३४ए या प्रकारच्या गॅसवर चालणारा एसी असलेल्या बहुतेक गाड्यांत वापरले जाणारे पीएजी तेल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, त्यामुळे मुंबईच्या जुलैत पाइपांची टोपणे अखेरच्या क्षणापर्यंत काढू नयेत. नंतर निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम द्यावा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढावी, व्हॉल्व्ह बंद करून दाबमापकाचा काटा हलत नाही ना ते पाहावे, गॅस वजन करून भरावा आणि इंजिन सुरू करण्याआधी कॉम्प्रेसर हाताने दहा-बारा फेरे फिरवावा, म्हणजे आत साचलेले तेल त्याला तडाखा देणार नाही. यांतले काय झाले आणि काय राहिले, ते बिलावरच्या सुट्या भागांवरून आपल्याला कळेल : ड्रायर बिलात नसेल, तर तो बदललेला नसणार.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी निघते. पावसाळ्यात आणि डिसेंबरात एसी लावावा का? – एक वाचक, दादर

उत्तर : जरूर लावावा, आठवड्यातून दहा मिनिटे तरी. तेल फिरल्याने शाफ्ट सील ओले राहते आणि कोरडे पडून गळू लागत नाही. पावसात काचेवर धरणारे बाष्पही एसीनेच लवकर जाते. बऱ्याच दिवसांनी लावताना इंजिन आयडलवर असू द्या, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना बटण लावू नका. घर जवळ आले की शेवटची दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवा. कॉइल कोरडी होईल आणि पुढच्या रविवारी कुबट वास येणार नाही.