गोव्याच्या पावसात कॅम्परच्या ऑनिंगवर पाणी साचतं, शिवणीही गळतात. कोणता वॉटरप्रूफ स्प्रे मारू?

तुम्ही लिहिलंय की ऑनिंग, म्हणजे कॅम्पर व्हॅनच्या बाजूला ताणायचं कापडी छत, पॉलिएस्टरची आहे, अडीच मीटर लांब आणि दोन मीटर बाहेर येणारी. मोरजीला पहिल्याच मोठ्या सरीत मधे पाण्याची झोळी लोंबली, शिवणीतून टपटप सुरू झाली, आणि आता चांगला स्प्रे हवाय. स्प्रेचं सांगतो, पण नंतर. कापड सैल आहे आणि जवळजवळ सपाट लावलंय, दुखणं ते आहे. जगातला सगळ्यात महाग डबा आणून फवारलात तरी ती झोळी तशीच लोंबणार. व्हॅनवाल्यांशी हा वाद दर मिरगाला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघा. दोन मीटरच्या अंतरात कापडाला फक्त 3 सेंटीमीटर ढील असली तर मधे 15 सेंटीमीटरचा झोळ पडतो. तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटं. उभं राहून बघताना एवढी ढील कुणाच्या डोळ्यात भरत नाही, उलट ऑनिंग छान ताणलेली वाटते. पण एक मीटर व्यासाच्या आणि मधे 15 सेंटीमीटर खोल अशा गोल खड्ड्यात साठेक लिटर पाणी मावतं, म्हणजे 60 किलो वजन. तुमच्या ऑनिंगचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे 12 मिलिमीटर पावसात हा खड्डा काठोकाठ. ज्या प्रदेशात मोसमात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे 12 मिलिमीटर म्हणजे एक बऱ्यापैकी सर. वजन आलं की कापड आणखी ताणतं, खड्डा आणखी खोल होतो, आणखी पाणी थांबतं. शेवटी पुढचा दांडा वाकतो नाहीतर रेल, म्हणजे व्हॅनवरची ऑनिंग अडकवायची पट्टी, उपटून येते.

त्यात व्हॅनच्या टपावरचं पाणीही ऑनिंगवरच उतरतं, हे बहुतेक लोक धरतच नाहीत. टप ऑनिंगच्या बाजूला किंचित जरी कलला असेल तर पाच चौरस मीटरच्या कापडावर दहा-बारा चौरस मीटरचं पाणी येतं. उपाय दोन. एक, रेलच्या वर टपाच्या कडेला रबराची किंवा ॲल्युमिनियमची पन्हळपट्टी चिकटवा आणि तिचं तोंड मागच्या बाजूला काढा. दुसरा उपाय फुकट आहे: गाडी लावतानाच ऑनिंगच्या बाजूची दोन्ही चाकं 5 सेंटीमीटर जाड फळीवर चढवा, टपाचं पाणी पलीकडून जाईल. त्यामुळे रेलही थोडी वर जाते, आणि पुढचे पाय जमिनीवर असतील तर ऑनिंगचा उतारही तेवढा वाढतो.

आता उतार. मंगलोरी कौलांचं छप्पर कुणी सपाट घालत नाही, मग कापडाचं का घालता? दोन मीटरमागे किमान 50 सेंटीमीटर उतार हवाच. रेल 2.10 मीटरवर असेल तर पुढची कड 1.60 वर. हे सांगितलं की लगेच "मग वाकून आत यावं लागतं" अशी तक्रार येते. यावं लागतं. जानेवारीत हवी तेवढी उंच ठेवा, जूनमध्ये वाका. अगदीच नको असेल तर पुढचा एक पाय उंच ठेवा आणि दुसरा त्याच्यापेक्षा निदान 30 सेंटीमीटर खाली घ्या. सगळं पाणी त्या एका कोपऱ्यात जाईल. कोपऱ्याच्या आयलेटला, म्हणजे कापडातल्या धातूच्या कडीला, जाडसर सुंभ बांधून जमिनीपर्यंत सोडा, पाणी त्यावरून उतरतं आणि चिखल अंगावर उडत नाही.

उतार देऊनही मधला झोळ राहतो, कारण कापड फक्त कडांना धरलेलं असतं. तिथे कमान लागते. इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळणारा 25 मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप घ्या. रेलपासून पुढच्या दांड्यापर्यंतचं अंतर मोजा आणि पाइप त्याहून फक्त 3 सेंटीमीटर जास्त कापा. वाकवून कापडाखाली बसवला की मधे 15 सेंटीमीटरचा उंचवटा येतो. वर जी 3 सेंटीमीटर ढील सांगितली तीच इथे उलटी वापरली जाते. खड्डा जेवढा पडत होता तेवढीच पाठ वर येते आणि कापड ताठ होतं. पाइप 10 सेंटीमीटर जास्त ठेवलात तर उंचवटा 27 सेंटीमीटरवर जातो आणि शिवणी उसवतात, तेव्हा कापताना घाई नको. अडीच मीटर लांबीला अशा दोन कमानी पुरतात, दोन्ही कडांपासून 80-85 सेंटीमीटरवर. टोकांना रबरी बूच लावा, नाहीतर पाइपची कापलेली कड महिन्याभरात कापडाला भोक पाडते.

मधे काठी उभी करून कापड वर ढकलणं ही गोव्यातल्या निम्म्या व्हॅनवर दिसणारी पद्धत. एक खड्डा जातो आणि काठीभोवती चार होतात, शिवाय सगळा ताण एका बिंदूवर येतो. आणि मधे आयलेट मारून पाणी खाली काढायची युक्ती तर कुणी सांगितली तरी ऐकू नका. वाऱ्याप्रमाणे खड्ड्याची जागा सरकते, भोक सरकत नाही.

शिवणींबद्दल. दुरुस्तीला आलेल्या एका ऑनिंगचं उदाहरण देतो, कारण तुमच्या वर्णनाशी ते तंतोतंत जुळतं. कापड तीन पट्ट्यांचं, आणि शिवणी व्हॅनला समांतर, म्हणजे उताराला आडव्या. वरून उतरणारं पाणी प्रत्येक शिवणीच्या घडीपाशी थबकायचं आणि सुईच्या भोकातून आत यायचं. उलट बाजूची सीम टेप, म्हणजे शिवण झाकणारी चिकट पट्टी, बोटानं ओढली तर कागदासारखी निघून आली. तिच्याखालचा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा थर चिकट झालेला, त्याला आंबूस वास. दमट उष्म्यात पीयूचं असंच होतं: ओलाव्यानं तो थर कुजतो, आणि एकदा चिकट झाला की कुठल्याही स्प्रेनं परत येत नाही. शिवणीपुरता खराब असेल तर वाचवता येतो, सगळीकडे असेल तर कापड बदला.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला कोरडी ऑनिंग खालून टाल्कम पावडरीनं पुसून घ्या आणि वरून होजनं पाणी सोडा. गळतं तिथे पावडरीत ओली रेघ उमटते. तेवढ्या भागावरची जुनी टेप काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चिकटपणा पुसा, पूर्ण वाळू द्या. मग पीयूचा सीम सीलर दोन्ही टाक्यांच्या रेघा झाकतील असा सेंटीमीटरभर रुंद, पातळ, आतल्या बाजूनं ब्रशनं ओढा. रात्रभर वाळला की टाल्कम भुरभुरवा, नाहीतर गुंडाळल्यावर कापड कापडाला चिकटतं.

कापडावर थर सिलिकॉनचा असेल तर हा सीलर धरत नाही. कोपऱ्यात थेंबभर लावून वाळवा, नखानं सहज सोलून निघाला तर कापड सिलिकॉनचं. त्याला न्यूट्रल सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन दोन ते तीन भाग असं पातळ करून लावतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातून सुटणाऱ्या आम्लानं पितळी आयलेट खराब होतात. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही, म्हणून पीयूच्या कापडावर "सोपं पडतं" म्हणून सिलिकॉन थापू नका.

नवीन शिवून घेणार असाल तर रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे जा, जाड कापडाला साजेशी मशिन त्यांच्याकडे असते. सांगायच्या गोष्टी दोनच: शिवणी उताराच्या दिशेनं घाल, आणि धागा बाँडेड पॉलिएस्टर वापर. नायलॉनचा धागा उन्हात लवकर जातो. "सगळे असंच शिवतात" असं उत्तर मिळेल, तरी आडवी शिवण घेऊ देऊ नका.

आता तुमचा स्प्रे. कापडावर पाण्याचे थेंब टाका. गोळे होऊन घरंगळले तर स्प्रेची गरजच नाही. थेंब पसरून कापड काळपट पडलं तर वरचं जलरोधक आवरण गेलंय, तेव्हाच मारा. आधी मऊ ब्रश आणि सौम्य साबणानं धुवा. कपड्यांची पावडर नको, तिचा अंश राहतो आणि पाणी उलट शोषलं जातं. निकवॅक्ससारखे पाण्यात बनवलेले प्रकार ओल्या कापडावर चालतात, सॉल्व्हंटवाल्यांना खडखडीत कोरडं कापड लागतं. दोन पातळ हात, मे महिन्यात, सकाळच्या उन्हात. ऑनिंग पीव्हीसीची असेल तर स्प्रेचे पैसे वाया, तिची फाट फ्लेक्स बॅनरवाल्याकडे गरम हवेनं जोडून मिळते.

एक राहिलं. हे उताराचं गणित सुट्या पायांच्या ऑनिंगचं आहे. तुमची गुंडाळणारी, दुमडत्या हातांची असेल तर एक पाय किती खाली घ्यायचा ते तिच्या पुस्तिकेत बघा, जास्त तिरकी केली तर हात पिळवटतात. आणि वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, आणि समुद्र दिसावा म्हणून सगळे ऑनिंग नेमकी त्याच बाजूला उघडतात. व्हॅन आड ठेवा, ऑनिंग पूर्वेला उघडा. दोर पॉलिएस्टरचे घ्या, नायलॉन भिजलं की लांबतं आणि रात्री परत झोळ पडतो. सड्यावर जांभ्यात खुंट्या जात नाहीत, तिथे पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधा. वाऱ्याचे झोत सुरू झाले की मात्र कॅन, कमानी, दोर कशावरही विसंबू नका, गुंडाळून घ्या. झोपताना तर घ्याच. ओली गुंडाळली असेल तर दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच उघडा, या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.