राजकन्या बोलते किती?

प्रश्न: मुलगी सहा वर्षांची आहे. सुट्टीत 'लिटल मरमेड', 'अलादीन', 'लायन किंग' आलटून पालटून चालू असतं. आमच्या जाऊबाई म्हणतात, असले पिक्चर मुलींना राजपुत्राची वाट बघायला शिकवतात, बंदच करून टाक. आता वाढदिवसाला एरियलचा ड्रेस हवाय म्हणे. काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर: ताई, ड्रेस खुशाल घ्या. पिक्चरही बंद करू नका, नाहीतर शेजारी जाऊन बघेल आणि तिथे सोबत बोलायला तुम्ही नसाल.

जाऊबाईंचं अगदीच चूक नाहीये. पण राजपुत्राचं लग्न सगळ्यांनाच दिसतं हो, खरी गंमत त्याच्या आड असते. १९८९ च्या 'लिटल मरमेड'मध्ये जलपरी एरियल स्वतःचा आवाज देऊन टाकते आणि त्याच्या बदल्यात माणसाचे पाय घेते. पुरुषांना बडबड्या बायका आवडत नाहीत असं तिला सांगते ती खलनायिका, म्हणजे पिक्चर ते बरोबर मानतो असं नाही, पण पुढे राजपुत्र त्या मुक्या मुलीच्या प्रेमात पडायच्या बेतात येतोच ना!

कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या दोन भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यांच्या पिक्चरमधले संवाद मोजले, २०१६ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये बायका-पुरुषांचं बोलणं जवळपास निम्मंनिम्मं, आणि ती बिचारी तर दिवसभर झाडलोट करते. 'लिटल मरमेड'मध्ये पुरुष ६८ टक्के, 'अलादीन'मध्ये तब्बल ९०. 'मुलान'मध्ये ती पोरगी अख्खा चीन वाचवते पण तिच्यापेक्षा जास्त बोलतो तो तिच्यासोबतचा ड्रॅगन, आता काय म्हणायचं!

माझ्या मते तुमच्या यादीत जास्त लक्ष देण्यासारखं आहे ते खलनायकाकडे. 'लायन किंग'मधले सिंह मुफासा आणि स्कार भाऊ-भाऊ, पण इंग्रजीत मुफासा अमेरिकन बोलतो आणि दुष्ट स्कार ब्रिटिश, शिवाय त्याची आयाळ काळी. हिंदीत बघत असाल तर उच्चारांची ही गोम कळणार नाही, काळी आयाळ मात्र तीच राहते. 'अलादीन'मध्येही हिरो-हिरॉइन अमेरिकन उच्चारात बोलतात आणि पहारेकरी, बाजारातले लोक अरबी ढंगात. १९९२ च्या मूळ गाण्यात तर चेहरा आवडला नाही की कान कापतात अशा देशाचं वर्णन होतं, अमेरिकेतल्या अरब लोकांनी आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओत ती ओळ बदलली, पण त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच ठेवला.

सहा वर्षांच्या पोरीला हे सगळं लेक्चर देऊ नका, कंटाळेल. पिक्चर संपला की कागद-खडू द्या आणि म्हणा, तुझा स्वतःचा एक दुष्ट माणूस काढ. तो दरवेळी काळा, जाडा किंवा वाकड्या नाकाचाच निघाला, तर विचारा की असाच का गं? मग 'फ्रोझन' लावा. त्यातला हॅन्स देखणा, गोड बोलणारा राजपुत्र आहे आणि तोच लबाड निघतो. तिला तो कधीपासून खटकायला लागला ते विचारा, आणि जमलं तर जाऊबाईंनाही सोबत बसवा, कारण दोन बहिणींच्या त्या गोष्टीतसुद्धा ५९ टक्के बोलणं पुरुषांचंच आहे.