अमेरिकेत पार्लरचं लायसन्स काढायला ‘क्लिअर’ या संस्थेची मेंबरशिप घ्यावी लागते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्या ताईंनी नाशिकला बारा वर्षं पार्लर चालवलं, आता घरच्यांबरोबर त्या टेक्सासातल्या डॅलसला चालल्या आहेत, आणि एक एजंट म्हणतोय की ‘क्लिअर’ नावाची अमेरिकेत लायसन्सवाल्यांची मोठी संघटना आहे, तिची मेंबरशिप काढून देतो, मग कुठल्याही राज्यात लायसन्स पटकन मिळतं.

नाही मिळत. त्याला एक रुपयाही देऊ नका.

संस्था खोटी नाही, चांगली खरी आहे. फक्त ती ताईंसाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी आहे. मी इथल्या एका राज्याच्या लायसन्सिंग ऑफिसात इन्स्पेक्टर आहे. टेक्सास नव्हे, दुसरं राज्य. त्याचं नाव लिहीत नाही. अकरा वर्षं झाली, सलून, नेल सलून आणि बार्बरची दुकानं तपासते. वडील साताऱ्याकडे वजनमापं खात्यात होते, आठवडी बाजारात काटे तपासायचे. त्यामुळे आई म्हणते, पोरगी शिकली, सातासमुद्रापार गेली आणि शेवटी बापाचंच काम करायला लागली.

तर क्लिअर. पूर्ण नाव कौन्सिल ऑन लायसेन्शर, एन्फोर्समेंट अँड रेग्युलेशन. 1980 साली सुरू झाली, मुक्काम केंटकी राज्यात. आधी नावात कौन्सिलऐवजी ‘क्लिअरिंगहाऊस’ होतं, आणि काम कळायला तेच नाव बरं होतं. बँकांचे चेक एका जागी येऊन जसे इकडून तिकडे जातात, तशी इथे लायसन्स देणाऱ्या ऑफिसांची माहिती फिरते. परीक्षा कशी घ्यायची, तक्रार आली की चौकशी कशी करायची, दोषी ठरलेल्याला शिक्षा किती, हे एका राज्याने दुसऱ्याला विचारायची जागा. तिला स्वतःला अधिकार शून्य. ती लायसन्स देत नाही, काढून घेत नाही, कुणाची शिफारसही करत नाही. ताई उद्या तिच्या कॉन्फरन्सला जाऊन बसल्या तरी डॅलसला त्याचा काडीचा उपयोग नाही.

असली संस्था लागतेच कशाला, हे आपल्याकडून आलेल्या माणसाला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे वर दिल्लीत कुणीतरी बसलेलं असतं. फार्मासिस्टसाठी 1948 चा देशभराचा कायदा, वर केंद्राची कौन्सिल, खाली महाराष्ट्राची. वकिलांसाठी 1961 चा कायदा. अमेरिकेत असं वर कुणी नाही. लायसन्स हा राज्याचा विषय, आणि प्रत्येक राज्याचं प्रत्येक धंद्याचं बोर्ड म्हणजे वेगळी चूल. त्यात बरीच बोर्डं इतकी छोटी, की पाच-सहा माणसं, एक फोन आणि वर्षभराच्या तक्रारींचा ढीग. त्यांनी परीक्षेचं शास्त्र कुठून शिकायचं?

म्हणून मोठ्या धंद्यांनी फार आधीच आपापले संघ बांधले. डॉक्टरांच्या राज्य बोर्डांचा संघ 1912 चा. नर्सिंग बोर्डांचा 1978 चा, त्याचं ऑफिस शिकागोत, आणि केरळपासून सांगलीपर्यंतच्या नर्सेस जिच्यासाठी रात्री जागतात ती लायसन्सची एनक्लेक्स परीक्षा त्यांचीच. पार्लरच्या बोर्डांचाही संघ आहे, त्याच्या परीक्षा बरीच राज्यं वापरतात. क्लिअर यांच्यापेक्षा वेगळी पडते ती एवढ्यासाठी, की ती एका धंद्याची नाही. नर्सिंगवाले, इंजिनिअरवाले, घरांचे दलाल सांभाळणारे, आम्ही कात्री-कंगवेवाले, सगळे एका मांडवात. अमेरिकेबाहेरचेही येतात, कॅनडाचे तर पुष्कळ. तिथे ओंटारिओत अशा नियामक संस्थेला ‘कॉलेज’ म्हणतात. क्लिअरच्या कॉन्फरन्सला गेले त्या पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाई म्हणाल्या, मी कॉलेज ऑफ नर्सेसमध्ये असते, तर मी विचारलं, काय शिकवता? त्या हसल्या. म्हणाल्या, शिकवत नाही, शिकलेल्यांवर लक्ष ठेवते.

आता मला त्यांच्याकडून मिळालं काय, ते सांगते. थोडं लांबेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी एक केस सुनावणीत पडली. नेल सलून होतं, पायाच्या टबांची अवस्था वाईट, मी डोळ्यांनी पाहिलेली. रिपोर्टात मी लिहिलं होतं, ‘जागा अस्वच्छ, अवजारं निर्जंतुक केलेली नाहीत.’ सुनावणी घेणाऱ्या न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघून विचारलं, अस्वच्छ म्हणजे काय? मी म्हटलं, घाण होती. कुठे? टबात. किती टबांत? मला आठवेना. सहा टब होते की आठ, हेसुद्धा आठवेना. दुकानदाराच्या वकिलाला तोंड उघडावंच लागलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती.

त्यानंतर ऑफिसने मला क्लिअरच्या इन्स्पेक्टर-इन्व्हेस्टिगेटर प्रशिक्षणाला पाठवलं. तीन दिवस, शेवटी परीक्षा. पुरावा कशाला म्हणतात, साक्षीदाराशी कसं बोलायचं, रिपोर्ट कसा लिहायचा, साक्ष कशी द्यायची. वर्गात माझ्या एका बाजूला पशुवैद्यांच्या बोर्डाचा माणूस, दुसऱ्या बाजूला अंत्यसंस्काराच्या धंद्याची लायसन्सं बघणाऱ्या बाई. तिघांची दुखणी एकच. सरावाला शिक्षक दुकानदार झाले आणि मी इन्स्पेक्टर. मी विचारलं, तुम्ही हे ब्लेड वापरता ना? त्यांनी तिथेच थांबवलं. म्हणाले, उत्तर तर तूच दिलंस, मला फक्त नाही म्हणायचं उरलं. असं विचार: हे काय आहे? कशासाठी लागतं?

पुढच्याच महिन्यात एका सलूनमध्ये ड्रॉवरात टाचेची कातडी तासायचं ब्लेड सापडलं. आमच्याकडे त्याला बंदी आहे, कारण जखम होते आणि ब्लेड एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जातं. मी ते टेबलावर ठेवलं आणि नुसतं विचारलं, हे काय आहे? काम करणाऱ्या मावशी व्हिएतनामी होत्या, साठीच्या. त्यांनी मला ते धरायचं कसं, कातडी भिजवायची किती, सगळं नीट करून दाखवलं. त्या दिवशी कुणाला वापरलं तेही सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रिपोर्टात या वेळी विशेषण एकही नव्हतं. ‘तिसऱ्या खुर्चीजवळचा वरचा ड्रॉवर, एक ब्लेड, त्यावर सुकलेली कातडी. निळ्या जंतुनाशक द्रावणाच्या बरणीत पाच कंगवे, दांड्या निम्म्या बाहेर.’ केस टिकली. दंड झाला, लायसन्स राहिलं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. आपल्याकडे पास म्हणजे पस्तीस, हे कुणी ठरवलं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. इथे कुणाची तरी रोजीरोटी त्या आकड्यावर अडते आणि तो कोर्टात जाऊ शकतो, त्यामुळे आकड्याला आधार दाखवावा लागतो. पद्धत अशी: धंद्यातली अनुभवी माणसं बसवायची आणि एकेका प्रश्नाला विचारायचं, जेमतेम लायक असलेले शंभर उमेदवार घेतले तर यातल्या किती जणांना हे जमेल? अशी सगळ्या प्रश्नांची बेरीज करून पासाची रेघ ओढतात. आणि त्याआधी प्रत्येक प्रश्न खऱ्या कामाला जोडलेला दाखवावा लागतो. केसांच्या फॅशनचा इतिहास न येणाऱ्या बाईमुळे गिऱ्हाईकाला इजा होत नाही, जंतुनाशक किती मिनिटं ठेवायचं हे न येणाऱ्या बाईमुळे होते. असल्या गोष्टींवर क्लिअरमध्ये लोक दोन-दोन तास बोलतात. मला पहिल्यांदा झोप आली होती, आता येत नाही.

एवढं कौतुक केलं, तर खटकतं तेही सांगते. तिथे सगळे लायसन्स देणारे. मांडवात शिरलं की परीक्षा घेणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल, पिशव्या, पेनं. लायसन्स अधिक चांगलं कसं द्यावं यावर भरपूर ऐकायला मिळतं. हे लायसन्स मुळात हवं कशाला, हा प्रश्न कुणी विचारलाच तर कॉफीच्या रांगेत, हळू आवाजात. आणि प्रश्न साधा नाही. 1950 च्या दशकात इथे शंभरातल्या पाचजणांनाही कामासाठी राज्याचं लायसन्स लागत नव्हतं; 2015 च्या व्हाइट हाऊसच्या अहवालात तो आकडा पंचवीसच्या वर गेलेला दिसतो. लुइझियाना राज्याने फुलांचे गुच्छ बांधून विकायलासुद्धा लायसन्स लावलं. दादरच्या फुलबाजारात हे सांगून बघा.

हा प्रश्न मग कोर्टांनीच विचारला, तोही दोनदा, 2015 सालीच. फेब्रुवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्य बोर्डाची केस झाली. मॉलमध्ये स्टॉल टाकून दात पांढरे करून देणाऱ्यांना बोर्डाने धाकदपटशाची पत्रं पाठवली होती, आणि बोर्डावर बहुतेक दंतवैद्यच, म्हणजे ज्यांचं गिऱ्हाईक पळत होतं तेच. कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं, धंदा करणारेच बोर्ड चालवत असतील आणि राज्याचं त्यांच्यावर प्रत्यक्ष लक्ष नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यापासून त्यांना सूट नाही. त्यानंतर आमच्या ऑफिसात वकिलांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की कॉफीचं दुसरं मशीन आणावं लागलं.

दुसरी केस ताईंच्या थेट कामाची. टेक्सासात आपलं दोऱ्याचं थ्रेडिंग करणाऱ्यांना राज्याने म्हटलं, 750 तासांचा कोर्स करून एस्थेटिशियनचं, म्हणजे त्वचेची निगा राखणाऱ्यांचं, लायसन्स काढा. त्या कोर्सात थ्रेडिंग जवळपास नव्हतंच. पटेल नावाचे एक थ्रेडर आणि त्यांच्याबरोबरचे लोक कोर्टात गेले. 750 पैकी 320 तासांचा थ्रेडिंगशी संबंध नाही, हे राज्याने स्वतःच कबूल केलं. जून 2015 मध्ये टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने थ्रेडिंगवाल्यांपुरती ती अट घटनाबाह्य ठरवली. म्हणजे आपल्या गल्लीबोळात दोरा दातात धरून बायका जे करतात, त्यावर टेक्सासच्या सर्वोच्च कोर्टात बारकाईने खल झाला. मी तो निकाल छापून घेतला होता, आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, एवढ्याशा भुवईसाठी?

तर आता ताईंचं. डॅलस टेक्सासमध्ये, त्यामुळे त्यांचं दार एकच: ऑस्टिनचं टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन. माहिती आणि फॉर्म त्यांच्याच वेबसाइटवर, मधल्या कुणाची गरज नाही. नुसतं थ्रेडिंग करायचं असेल तर ते लायसन्स लागत नाही. वॅक्सिंग, फेशियल, केस कापणं यातलं काहीही करायचं असेल तर लागतं. काम करायची परवानगी ही व्हिसाची वेगळी गोष्ट, ती आधी बघा. लायसन्स हातात असून ती नसेल तर खुर्चीमागे उभं राहता येत नाही.

पुढेमागे राज्य बदललं तर पुन्हा पहिल्यापासून चौकशी करा. पार्लरच्या पूर्ण कोर्सच्या तासांचा आकडा राज्यागणिक वेगळा: न्यूयॉर्कला हजार, न्यू जर्सीला बाराशे, कॅलिफोर्नियाने 2022 पासून सोळाशेचे हजार केले. परदेशातलं शिक्षण धरायचं की नाही, हेही ज्या त्या राज्याच्या मनावर.

आणि निघण्याआधी नाशिकमध्येच एक काम उरकून घ्या. पार्लरचा गुमास्ता ताईंकडे असेलच, पण त्यावरून इथे फक्त दुकान होतं एवढंच कळतं. आपल्याकडे ब्यूटिशियनचं सरकारी लायसन्स असं नसतंच. त्यामुळे ज्या संस्थेतून त्यांनी कोर्स केला तिथून सही-शिक्क्याचं पत्र घ्या, त्यात विषयवार तास लिहून घ्या: केस किती, त्वचा किती, स्वच्छता किती. सर्टिफिकेटवर ‘सहा महिन्यांचा कोर्स’ एवढंच असतं आणि इथे महिने कुणी मोजत नाही. ती संस्था बंद पडली असेल तर जुन्या मॅडमना गाठा, त्यांच्याकडे हजेरीचं रजिस्टर असलं तर त्या पानांच्या प्रती घेऊन ठेवा.